नदी जिकडे, शीव तिकडे

संपतराव डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन शीव चालले, त्या दिवशी त्यांच्या बायकोने, सोजरबाईंनी, चूल पेटवली नाही. चालणारा उपाशी, तर घरही उपाशी. कसब्यातली अर्धी माणसं नदीकाठी जमली होती. चैत्राचं ऊन, मुठेला गुडघाभर पाणी. अनवाणी संपतराव गळ्यात झेंडूची माळ घालून पाण्यात उतरले, पलीकडच्या काठावर चढले आणि आज्या-पणज्यांनी पुरलेल्या चार दगडांवरून चालत गेले. डोक्यावरचं ढेकूळ हललं नाही.

शीव चालण्याची रीत सोपी होती आणि वाईटही. भांडण मिटेना, तर एका बाजूच्या माणसाने आपल्या शेताची माती डोक्यावर घ्यायची आणि आपल्याला खरी वाटते ती हद्द चालून दाखवायची. मग पंधरा दिवस थांबायचं. तेवढ्यात त्याच्या घरात कुणी दगावलं, गुरं मेली, आग लागली, तर देवाने कौल दिला, माणूस खोटं चालला. काही झालं नाही, तर शीव त्याची.

आता भांडण काय होतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

कसब्याच्या खाली मुठा सरळ चालत नव्हती. तिथे तिने कसब्याच्या बाजूला पोट काढलं होतं. वरून यायची, सोजरबाईंच्या मळ्यापाशी पोट काढून वळायची आणि घोड्याच्या नालासारखी फिरून परत आपल्या वाटेला लागायची. नालाच्या बाहेर, कसब्याच्या काठाला, सोजरबाईंचा मळा. नालाच्या आत पलीकडच्या जयसिंगाची जमीन, जिभेसारखी लांब, तीन बाजूंनी पाणी. ती जीभ त्याच्या बाकीच्या रानाला एका चिंचोळ्या मानेने जोडलेली होती.

वळणावर नदी दोन्ही काठांशी सारखी वागत नाही. बाहेरच्या काठाला पाणी धावत येऊन धडकतं आणि माती खातं. आतल्या काठाला ते दमतं, आणि दमलेलं माणूस जसं हातातलं ओझं खाली ठेवतं तशी खाल्लेली माती तिथे टाकतं. त्यामुळे दर पावसाळ्यात सोजरबाईंचा मळा दोन हात कमी व्हायचा आणि जयसिंगाची जीभ दोन हात वाढायची. तीन पिढ्यांत चारही शिवेचे दगड नदीच्या पलीकडे जाऊन बसले. दगड चालले नव्हते, नदी चालली होती.

संपतराव म्हणत, "शीव म्हणजे दगड. दगडापर्यंतची गाळाची जमीन माझी, मग नदी मधून जावो नाहीतर डोक्यावरून."

जयसिंग म्हणे, "शीव म्हंजे नदी. माझ्या काठाला लागली ती माझी."

बाराव्या दिवसापर्यंत काही झालं नाही. सोजरबाई रोज सकाळी गोठ्यात जाऊन गुरं मोजत, घरातल्या माणसांच्या कपाळाला हात लावून बघत. बाराव्या दिवशी भर दुपारी मळ्यातली कडब्याची गंजी पेटली. वारा नव्हता, चूल जवळ नव्हती. गंजीच्या मागून एक माणूस ओढ्यात उतरताना सोजरबाईंनी पाहिला. पाठ तेवढी दिसली. पाठीवरून शपथ घेता येत नाही.

देवळात गोतसभा बसली. दोन्ही काठांचे वडीलधारे, मधोमध सभेचे प्रमुख आप्पासाहेब, आणि कागद लिहायला माधवपंत कुळकर्णी. आप्पासाहेब म्हणाले, "संपतराव, देवाने सांगितलं. आम्ही काय करणार?"

जयसिंगाने तेवढ्यावर भागवलं नाही. हावऱ्याला ताट भरून दिलं तरी तो शेजारच्या पानाकडे बघतो. तो म्हणाला, "पंत, नुसतं आत्ताच्या गाळाचं लिवू नका. उद्या आणखी गाळ पडंल, मंग पुन्हा भांडण. असं लिवा, नदी जिकडं जाईल तिकडं शीव जाईल. चंद्र-सूर्य हायत तवर."

माधवपंतांनी लिहिलं. दोन्ही घरांना एकेक कागद दिला. सोजरबाई देवळाच्या खांबाआड उभ्या होत्या. त्या पुढे झाल्या, म्हणाल्या, "जयसिंगभाऊजी, गाळात आमच्या सासूबाईंनी बांधलेली विहीर आहे. मळ्याला तेवढंच पाणी. ती तरी सोडा."

जयसिंग हसला. पानाने रंगलेले दात दाखवत म्हणाला, "वहिनी, मला काय इचारता? नदीला इचारा."

सभा हसली. संपतराव हसणाऱ्यांकडे बघत राहिले. त्यांची जमीन गेली होती त्याचं त्यांना एवढं नव्हतं. देवाच्या नावाने खोटं चाललेला माणूस, हे नाव घेऊन कसब्यात फिरायचं होतं. देवळात गेले की लोक सरकून बसत. तीन महिन्यांत माणूस झिजला आणि आषाढात गेला. जाताना एवढंच म्हणाला, "सोजर, मी खरा चाललो होतो गं."

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "आता सगळ्यांना माहीत होईल."

लोकांना वाटलं, बाई जयसिंगाच्या रानाला आग लावणार. सोजरबाई असलं पोरकट काही करणाऱ्या नव्हत्या. त्या नदीकाठी जाऊन बसू लागल्या.

पहिल्या दसऱ्याला त्यांनी बाभळीच्या बारा खुंट्या तासून घेतल्या आणि आपल्या काठाला ओळीने ठोकल्या, पाण्यापासून दहा-दहा हातांवर. पुढच्या दसऱ्याला हाताने मोजलं. कुठे दोन हात गेले होते, कुठे तीन. बजरंग नावाडी दोन्ही काठांच्या माणसांची ने-आण करायचा. त्याच्या नावेतून त्या फिरत, आणि पाण्यात वाळलेला भोपळा टाकून तो कुठे धावतो, कुठे रेंगाळतो ते बघत.

बजरंग म्हणाला, "बाई, लोक म्हणतात तुम्हाला वेड लागलं. भोपळे सोडता पाण्यात."

"लोकांना म्हणू दे. तू या वेड्या बाईला जरा नालाच्या पलीकडे ने. मान बघायची आहे."

मानेच्या वरच्या अंगाला नाव लागली तेव्हा भोपळा काठाला असा जाऊन धडकला, की फुटला. सोजरबाईंनी वाकून फुटका भोपळा उचलला. मग म्हणाल्या, "बजरंगा, वरून येणारं पाणी आधी इथे धडकतं. मग सगळा नाल फिरून येतं ते पलीकडच्या अंगाला याच मानेला येऊन धडकतं."

"मग?"

"मग काय. एक उंदीर अलीकडून कुरतडतो, एक पलीकडून. भिंत किती दिवस टिकेल?"

त्यांनी तिथेही दोन्ही अंगांना खुंट्या ठोकल्या. बजरंगाच्या हाताने, म्हणजे जयसिंगाला वाटावं नाव बांधायच्या आहेत. मान चाळीस हात भरली. पुढच्या दसऱ्याला साडेएकोणचाळीस, त्याच्या पुढच्याला एकोणचाळीस.

घरी सून मुक्ता भाकरी थापत होती. सोजरबाईंनी तव्यावरच्या भाकरीकडे बोट दाखवलं. "मुक्ते, हिला कडेकडेने तोड. नाही, तशी नाही, नालासारखी. आता मधली ही अरुंद मान तोडली तर काय होईल?"

"तुकडा पडेल, आत्याबाई."

"कुणाच्या ताटात?"

 सोजरबाईंनी कनवटीचा गोतसभेचा कागद चाचपला. त्यांना वाचता येत नव्हतं, पण त्यावरची ओळ पाठ होती. नदी जिकडं जाईल तिकडं शीव जाईल. नदीने मान तोडून सरळ वाट धरली, की अख्खी जीभ कसब्याच्या काठाला. शंभर पायल्या पिकणारी गाळाची जमीन, ऊस, सासूबाईंची विहीर, सगळं. जयसिंगाच्याच शब्दाने.

एकच अडचण होती. मानेवर सात करंज उभे होते, जुने, म्हाताऱ्यासारखे वाकलेले. करंजाची मुळं मातीला धरतात तशी आईही लेकराला धरत नाही. ती झाडं असेपर्यंत मान शंभर वर्षं टिकली असती, आणि सोजरबाईंना तेवढी उसंत नव्हती.

आता दुसऱ्याच्या जमिनीवरची झाडं तोडायची कशी? चोरून तोडली तर पुन्हा सभा, पुन्हा देव, पुन्हा लाज. सोजरबाईंनी चार दिवस विचार केला. मग त्या नव्या लुगड्यात, कपाळ कोरडं ठेवून, भर सभेत उभ्या राहिल्या.

"आप्पासाहेब, माझी एक विनंती आहे. जयसिंगभाऊजींच्या मानेवर सात करंज आहेत. दोन्ही घरांचं पटत होतं तेव्हा ते माझ्या आजेसासऱ्यांनी लावले. जमीन गेली ती गेली, पण ती झाडं कुणी तोडू नयेत. त्यांच्याकडे बघून मला माझी माणसं आठवतात."

जयसिंगाचे डोळे चमकले. हे चमकणं बघायलाच सोजरबाई आल्या होत्या. "वहिनी, माझ्या उसावर सावली पडती त्येंची," तो म्हणाला.

"पडू दे हो. दोन ओळी ऊस कमी आला म्हणून काय झालं? मी हात जोडते."

आणि त्यांनी खरंच हात जोडले. आठवलं की पुढे कित्येक वर्षं त्यांना तळहात धुवावेसे वाटत.

तिसऱ्या दिवशी बजरंग धावत आला. "बाई, घात झाला! उगाच बोललात तुम्ही. तोडली त्याने. मुद्दाम तोडली, तुमच्या नाकावर टिच्चून."

"सातही?"

"सातही."

"बुंधे ठेवले का खणून काढले?"

"खणून काढले, बाई. म्हणाला, वहिनीला आठवण येते ना, मूळच काढतो आठवणीचं."

सोजरबाई आत गेल्या. त्या दिवशी त्यांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. संपतराव गेल्यापासून त्यांची दुसरी भाकरी कुणी पाहिली नव्हती.

जयसिंग मात्र माजला. सरकारवाड्याभोवती नव्या पेठा वसत होत्या, भाजीला, गुळाला गिऱ्हाईक वाढलं होतं. त्याने जिभेवर गुऱ्हाळ टाकलं आणि शेजारी चौसोपी घरही बांधायला काढलं. एकदा नावेत दोघांची गाठ पडली.

सोजरबाई म्हणाल्या, "भाऊजी, कसबा टेकाडावर का बसलाय ठाऊक आहे? आपल्या वडीलधाऱ्यांना खाली जागा दिसत नव्हती असं नाही. घर उंचावर, मळा खाली. नदीला खायला मळा द्यावा, माणसं देऊ नयेत. घर मागे रानात बांधा."

हे त्या मनापासून बोलल्या होत्या. त्यांचं वैर जयसिंगाशी होतं, त्याच्या लेकरांशी नव्हतं.

जयसिंग म्हणाला, "तुमच्या डोळ्यांत खुपतंय, म्हनून सांगताय."

"खुपतंय, यात खोटं नाही," त्या म्हणाल्या. "पण सांगितलं, हे लक्षात ठेवा."

त्याने घर तिथेच बांधलं. सोजरबाईंनी सांगितलं ना, मग तिथेच.

संपतराव गेल्याला आठ वर्षं झाली, त्या वर्षी भाद्रपदात पाऊस वरच्या मावळात चार दिवस थांबला नाही. मुठा तांबडी झाली, मग काळी. चौथ्या सकाळी उजाडताच सोजरबाई काठावर उभ्या राहिल्या आणि त्यांनी मानेकडे पाहिलं. मान आता सोळा हात होती, आणि वरच्या अंगाची माती ढेकळाढेकळाने सुटत होती.

"बजरंगा, मोठी नाव काढ. पाच माणसं घे. जयसिंगाच्या बायकोला, पोरांना, गुऱ्हाळावरच्या गड्यांना, सगळ्यांना आण."

"आणि तो?"

सोजरबाईंनी ओठ दाबले. "त्यालाही आण. त्याला जिवंत ठेवायचाय मला."

दुपार व्हायच्या आत मुठेने मान तोडली. आवाज आला तो आधी कुणाला कळलाच नाही, गाडाभर ओले कपडे वरून खाली टाकावेत तसा. मग पाणी नालात वळायचं सोडून सरळ घुसलं. जयसिंगाच्या घराची एक भिंत बसली, मग दुसरी. त्याची बायको पद्मजा सोजरबाईंच्या ओसरीवर बसून कापत होती. सोजरबाईंनी तिच्या अंगावर घोंगडी टाकली, पुढ्यात गरम पेज ठेवली.

"तुमचे उपकार कसे फेडू, वहिनी?" पद्मजा म्हणाली.

"फेडू नकोस. तू पी," त्या म्हणाल्या. "जे फेडायचं आहे ते तुझा नवरा फेडेल."

दसऱ्यापर्यंत पाणी उतरलं. मुठा नव्या वाटेने सरळ वाहत होती, जणू कधी वळलीच नव्हती. जुन्या पात्राची दोन्ही तोंडं गाळाने बुजली आणि तिथे नालाच्या आकाराचा डोह साचला, त्यात बगळे उभे राहू लागले. जयसिंगाची जीभ डोह आणि नव्या नदीच्या मध्ये पडली होती, कसब्याच्या काठाला. चार दगड तिच्यावर तसेच उभे होते.

पुन्हा सभा बसली. सोजरबाईंनी कनवटीचा कागद काढून माधवपंतांपुढे ठेवला. पंतांचे केस आता पांढरे झाले होते. त्यांनी आपलंच अक्षर वाचलं. नदी जिकडं जाईल तिकडं शीव जाईल.

जयसिंग उठला. "हे चालणार न्हाई! नदीनं हळूहळू खाल्लं तर गोष्ट येगळी. ही तर उडी मारून गेली. उडीला शीव म्हनत न्हाईत. खरी शीव दगडाचीच. मंडळी, दगड म्हंजे आज्या-पणज्यांचा शब्द!"

वडीलधाऱ्यांत कुजबुज झाली. काहींना त्याचं म्हणणं पटत होतं. उडीचं कागदात काही लिहिलं नव्हतं. आप्पासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. ही घटका सोजरबाईंनी आठ वर्षं मनात घोळवली होती.

"मान्य," त्या म्हणाल्या. सभा चमकली. "कागद बाजूला ठेवा. भाऊजी म्हणतात शीव दगडाची. माझा नवराही तेच म्हणत होता. मग त्याच्यासारखंच यांनी ढेकूळ डोक्यावर घेऊन दगड चालून दाखवावेत. पंधरा दिवस काही झालं नाही, तर दगडापलीकडची जीभ यांची. मी एक शब्द बोलणार नाही."

याला कोण नाही म्हणणार? जुनी रीत होती. जयसिंगाने अंगरखा काढला. कुणीतरी मातीचं ढेकूळ आणून त्याच्या डोक्यावर ठेवलं, गळ्यात माळ घातली. तो दोन पावलं चालला, आणि थांबला. मान न हलवता त्याने डोळे सोजरबाईंकडे वळवले. त्या शांत उभ्या होत्या, हात पदराखाली. त्या शांतपणाला तो भ्याला.

"आप्पासाहेब," तो म्हणाला, "मी चालतो. पन एक हाय. पंधरा दिस माझ्या गंजीवर पहारा पायजे."

सभा ऐकत होती. 

आप्पासाहेब सावकाश म्हणाले, "गंजीवर? का रे?"

"न्हाई... म्हंजे, कुनी पेटवली तर?"

"देवाच्या कौलाच्या दिवसांत गंजी कोण पेटवतं? जुन्या घरात तुझी चार पोरं आहेत. गोठ्यात बैल आहेत. विहीर आहे. त्यांच्यावर पहारा नको?"

जयसिंगाच्या कपाळावरून घाम उतरून नाकावर आला. ढेकूळ डोक्यावर होतं म्हणून त्याला पुसता येईना.

सोजरबाई पुढे झाल्या. आवाज चढवायची गरज नव्हती. "भाऊजी, कुणी पेटवली तर देवाचा कौल मोडत असेल, तर माझ्या नवऱ्याचा कौल कुणी मोडला? बाराव्या दिवशी, भर दुपारी, वारा नसताना? मी पाठ पाहिली होती. पाठीवरून शपथ घेता येत नाही म्हणून गप्प बसले. आज तुमच्या तोंडातून ऐकलं. माणसाला भीती वाटते ती त्याने स्वतः केलेल्याची."

"मी... तसं काही..."

"मग चाला ना. मी स्वतः तुमच्या गंजीशी बसते पंधरा दिवस. पाणी पिणार नाही, डोळा मिटणार नाही. एक ठिणगी पडू देणार नाही. चाला! पण आधी त्या ढेकळाची शपथ घेऊन सांगा, माझी गंजी देवाने पेटवली."

जयसिंगाने शपथेला हात उचलला. तो अर्ध्यातच खाली आला. त्याच्या मानेची शीर थरथरली आणि डोक्यावरचं ढेकूळ सरकलं, खांद्यावर आपटलं आणि त्याच्या पायांशी फुटून पडलं.

सभेत कुणी हसलं नाही. सोजरबाईंना ते हसणं हवं होतं का, तर नव्हतं. त्यांना हवी होती ती शांतता, आणि ती आली.

आप्पासाहेब उठले. म्हातारा माणूस, त्यांनी पागोटं काढून हातात घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पंत, लिहा. संपतराव खरे चालले होते. आम्ही ऐकलं नाही." मग घसा साफ करून म्हणाले, "आणि शीव जयसिंगाने लिहवून घेतली तीच. नदी जिकडे, शीव तिकडे."

देवळाच्या पायऱ्यांवर जयसिंगाने सोजरबाईंना गाठलं. अंगरखा अजून हातातच होता. "वहिनी," तो म्हणाला, "जीभ घ्या. पन विहीर... माझ्या वरच्या रानात प्यायला दुसरं चांगलं पानी न्हाई. विहिरीचं पानी तरी नेऊ द्या."

सोजरबाई थांबल्या. आठ वर्षं जपून ठेवलेलं वाक्य जिभेवर होतंच. त्यांनी ते घाई न करता काढलं.

"मला काय विचारता, भाऊजी? नदीला विचारा."

मागून मुक्ता येत होती, तिने ऐकलं. वाटेत ती हळूच म्हणाली, "आत्याबाई, आता तरी झालं ना? पाणी द्यायला हवं होतं."

"तू दे," सोजरबाई म्हणाल्या. "मी मेल्यावर दे. मी जिवंत आहे तोवर त्याला नदीतून घागरी वाहू दे. चढ मोठा आहे, मोजलाय मी."

दुसऱ्या दिवशी त्या मुक्ताला घेऊन बजरंगाच्या नावेतून नव्या काठाला उतरल्या. बरोबर बारा नव्या खुंट्या होत्या आणि करंजाची सात रोपं. खुंट्या पाण्यापासून दहा-दहा हातांवर ठोकून झाल्या. मग त्या गुडघ्यांवर बसल्या आणि पहिलं रोप लावलं, माती दोन्ही हातांनी दाबली.

"मुक्ते, एक लक्षात ठेव," त्या म्हणाल्या. "मी गेल्यावर कुणी गोड तोंडाने, हात जोडून येऊन सांगू लागलं, ही झाडं तोडू नका हो..."

"तर?"

"तर तोडू नकोस. आणि सांगायला कोण आलंय, ते आधी नीट बघून घे."